पीएसए शून्य, पण खुर्ची बघावी लागते

आज बाबांना फॉलोअपला घेऊन गेलो, प्रोस्टेट (लघवीच्या पिशवीखालची ग्रंथी) कॅन्सरच्या ऑपरेशनला आठ महिने झाले, पीएसए (हा कॅन्सर परत येतोय का ते सांगणारी रक्ततपासणी) जवळजवळ शून्य, डॉक्टर खुश, मी पण खुश. आणि उठताना बाबांनी हळूच मागे वळून खुर्चीवरून हात फिरवला, ओली तर झाली नाही ना म्हणून. कसंतरीच झालं राव. बाहेर शेजारी बसलेल्या काकांनी रेडिएशन घेतलेलं, त्यांचं लघवीचं ठीक आहे पण संडासला एकदम पळावं लागतं म्हणे, दोघं असे बोलत होते जणू गुडघेदुखीच्या गप्पा चालल्यात. घरी येऊन वाचत बसलो. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट ट्रायलमध्ये १,६४३ जणांचे ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसतं लक्ष ठेवणं असे तीन गट केले, १५ वर्षांनी तिन्हीकडे या कॅन्सरने गेलेले साधारण ३ टक्केच, पण ७ ते १२ वर्षांनीसुद्धा ऑपरेशनवाल्यांत १८ ते २४ टक्के लोक पॅड वापरत होते, रेडिएशनवाल्यांत ३ ते ८. (हे लवकर सापडलेल्या कॅन्सरचं हं, पसरलेल्याचं गणित वेगळं.) आम्हाला 'थोडं गळेल, थांबेल' एवढंच सांगितलेलं. सेक्सबद्दल तर अवाक्षर नाही, आईसमोर कोण विचारणार! आता पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूंचे व्यायाम चालू आहेत, बाबा टीव्हीसमोर बसून दहा मोजतात, मध्येच कोणी बोललं की चिडतात आणि परत एकपासून.