मोडीत आलेलं नाव

साताऱ्यात आमचं भांड्यांचं दुकान. नवी भांडी विकतो, त्यांच्यावर नावं घालून देतो, जुनी मोडीत घेतो. मोड घेताना नुसता काटा बघून भागत नाही. सांध्यांना झाळ किती, तळाला लोखंडी कडं आहे का, त्याची घट धरावी लागते. पितळ की कासं हे वाजवून कळतं, शंका आली तर काठावर कानस मारायची. आमच्या धंद्यात बघणारे कमी, ठोकून पोत्यात कोंबणारेच जास्त.

परवा कोरेगावकडचे एक मामा आले. बंब, दोन घागरी आणि तांब्यावर झाकण घालायची काळीकुट्ट जाड चकती. तीनशे ग्रॅमच्या वर भरली. सवयीने कानस मारली. लालसर पिवळी, ओतीव. आणि बोटाला सिंहाचा पंजा लागला.

चिंच लावून घासली. त्रिशूळ घेतलेली बाई, सिंह, दोन मासे. चौकटीत उठावाच्या इंग्रजी अक्षरांत एक मराठी नाव.

"पणजोबा आमचे. बसऱ्याला गेले, ते आलेच न्हाईत. आजा हिला देव्हाऱ्यात ठेवायचा."

पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी इंग्रज सरकारने अशा तेरा लाखांवर ताटल्या पाठवल्या. हुद्दा मुद्दाम घातला नाही, मेलेले सगळे सारखे म्हणून. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर मात्र हा सारखेपणा कुठे गेला? ज्यांना कबरच मिळाली नाही अशा चाळीस हजारांवर लोकांचं ते स्मारक. अधिकाऱ्यांची नावं दगडावर कोरली आणि आपल्या शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा! ही स्मारकं आणि कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने माफी मागितली ती 2021 मध्ये.

ताटलीवर नाव आहे, पलटण नाही. तिकडच्या दगडावर पलटण आहे, नाव नाही. त्याच युद्धात इराकमधल्या कुत गावाला वेढा पडला, नुसत्या त्या वेढ्यात 103, 110 आणि 117 अशा तीन मराठा पलटणी होत्या. एकाच नावाचे किती असतील? मामांकडे दुसरा कागद नाही.

बंबाचे, घागरींचे पैसे दिले. ताटली मी घेणार नाही म्हटलं. मामा बराच वेळ ती पुसत बसले. मग म्हणाले, "मागच्या अंगाला गावाचं नाव घालून द्या."

दिवसाला वीस-पंचवीस नावं घालतो मी, पण त्या दिवशी आधी पेन्सिलीने आखून घेतलं. गाव घातलं. खाली पलटणीपुरती एक ओळ मोकळी सोडली. काठावरचा कानशीचा ओरखडा पॉलिश करूनही गेला नाही.