मॉरिशसला निघण्याआधीचे कागद

पौष लागला की नवेगावबांधच्या तलावावरून येणारा वारा यजमानांच्या दम्याला सोसत नाही. गोंदियाचा पारा 8 अंशांच्या आसपास उतरतो, त्या दिवसांत त्यांची रात्र बसूनच जाते. म्हणून शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त होताच येता जानेवारी मॉरिशसमध्ये काढायचा, असे मी ठरवले. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तिथे तेव्हा ऐन उन्हाळा असतो, आणि तोच चक्रीवादळांचाही हंगाम असतो, हे मुलाने बजावून सांगितले. थंडीच चुकवायची तर गोवा काय वाईट, असे दिरांचे म्हणणे पडले. मात्र उसाच्या मळ्यांत राबायला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज जिथे आजही गणपती बसवतात, ते बेट मला पाहायचे होते. पोर्ट लुईसचा आप्रवासी घाट, जिथे ही माणसे जहाजातून उतरली, तो 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहे.

भारतीय पर्यटकांना तिथे उतरल्यावर विनाशुल्क व्हिसा मिळतो, त्यामुळे खरे काम पासपोर्टचेच होते. माझ्या आधारकार्डावर नावापुढे 'बाई' लागलेले आणि सेवापुस्तकात व शाळेच्या दाखल्यावर नुसतेच नाव, असा घोळ होता. तो आधी आधार केंद्रावर निस्तरला. ज्यांच्या कागदांत असा फरक असेल त्यांनी अर्ज भरण्यापूर्वीच तो दुरुस्त करून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. शुल्क 1500 रुपये होते; यजमानांनी साठी ओलांडलेली असल्याने त्यांना 10 टक्के सूट मिळाली.

डाकघरातील पासपोर्ट केंद्रावर कागद तपासून झाले, पण बोटांचे ठसे देताना यजमान अडले. जन्मभर रोवणी, कापणी आणि पेंढ्या बांधण्यात गेल्याने त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत, आणि यंत्र प्रत्येक वेळी ठसा नाकारत होते. तिथल्या मुलीने न कंटाळता ओल्या रुमालाने बोटे पुसायला लावली, अंगठा थोडा तिरपा धरून दाबायला सांगितला, तेव्हा कुठे हिरवी खूण उमटली.

पोलीस पडताळणीला जमादार घरी आले, त्यांनी शेजाऱ्यांकडे चौकशी केली आणि संध्याकाळपर्यंत आम्ही परदेशी चाललो हे अख्ख्या गावाला कळले. पासपोर्ट स्पीड पोस्टाने आले. पोस्टमन ओळखीचे असूनही त्यांनी यजमानांचा पासपोर्ट माझ्या हाती दिला नाही. यजमान बांधीवरून, म्हणजे धानाच्या शेतातून, येईपर्यंत पोस्टमन थांबले आणि यजमानांचीच सही घेतली. हे मला आवडले.

आता परतीचे तिकीट आणि राहण्याच्या आरक्षणाचे कागद एका फाइलमध्ये लावून ठेवले आहेत, कारण तिथे उतरल्यावर ते विचारतात. मुंबईपर्यंत विदर्भ एक्सप्रेस आणि पुढे थेट विमान आहे. दम्याचा पंप डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत राहील. धान विकून झाले आहे, आणि बांधीतल्या लाखोळीच्या पिकाकडे दीर लक्ष देणार आहेत.