मिनीव्हॅन की एसयूव्ही? आमचं उत्तर मागच्या दारात सापडलं

नवीन गाडी घ्यायची ठरली तेव्हा आमच्या घरी एसयूव्हीच येणार हे जवळपास नक्की होतं. नवऱ्याला उंच गाडीची हौस पहिल्यापासून, आणि खरं सांगायचं तर मलाही रस्त्यात एखादी दणकट एसयूव्ही दिसली की मान वळवून बघावंसं वाटायचंच, मिनीव्हॅनकडे, म्हणजे त्या बसक्या, सरकत्या दारांच्या कुटुंबाच्या गाडीकडे, कधी असं बघितल्याचं आठवत नाही. आम्ही घरात सहा जणं: आम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी, दीड वर्षाचा मुलगा, आणि सासू-सासरे. म्हणजे पाच सीटची गाडी आधीच बाद, तीन रो हव्यातच. तीन रोवाल्या एसयूव्ही भरपूर मिळतात, मग प्रश्नच कुठे येतो, असं वाटत होतं.

पहिल्या टेस्ट ड्राइव्हला आम्ही सगळ्यांना घेऊन गेलो, आणि हे आम्ही फार बरं केलं असं आता वाटतं. सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालंय, चालतात छान, पण पाय उंच उचलून वर चढायचं म्हटलं की त्रास होतो. एसयूव्हीचं मागचं दार उघडलं. त्यांनी वरचं हँडल धरलं, डावा पाय पायरीवर ठेवला, अंग वर ओढलं, आणि उजवा पाय काही आत येईना, गुडघा तेवढा दुमडतच नाही ना. एक हात दारावर, एक हँडलला, अशा त्या मध्येच अडकून उभ्या. नवऱ्याने खालून आधार दिला, कशाबशा बसल्या. आणि बसल्यावर हळूच म्हणाल्या, "अगं, राहू दे, कुठे जायचं असेल तर तुम्ही जात जा, मी घरी थांबेन."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. सगळ्यांना एकत्र फिरता यावं म्हणून गाडी घ्यायची आणि त्या गाडीपायीच आईंनी घरी बसायचं, याला काय अर्थ?

दुसऱ्या आठवड्यात आम्ही मिनीव्हॅन बघायला गेलो. दार मागे सरकलं. आई पाठमोऱ्या झाल्या, सीटवर टेकल्या, आणि मग दोन्ही पाय एकदमच आत घेतले, घरातल्या खुर्चीवर बसतो ना अगदी तसं. कोणाचा हात लागला नाही. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही, पण त्याचं मत तिथेच बदललं हे मला कळलं.

आता हे असं का होतं ते नंतर वाचून काढलं, कारण मला वाटत होतं की मिनीव्हॅन म्हणजे फक्त वेगळा आकार. तसं नाहीये. बहुतेक मिनीव्हॅन फ्रंट व्हील ड्राइव्ह असतात, इंजिन पुढे आणि पुढचीच चाकं गाडी ओढतात, त्यामुळे मागच्या चाकांना ताकद पोचवणारा दांडा गाडीखालून न्यावा लागत नाही आणि अख्खी फरशी खाली घेता येते, सपाट ठेवता येते. एसयूव्हीला खडबडीत रस्त्यासाठी जमिनीपासून उंची लागते, बऱ्याच मॉडेलमध्ये चारही चाकांना ताकद द्यायची सोय असते, म्हणून फरशी वर जाते. म्हणजे उंबरठा उंच असणं ही काही चूक नाही, ती ज्या कामासाठी बनलीये त्याचाच भाग आहे.

मिनीव्हॅनचा इतिहासही मला आवडला. ली आयाकोका आणि हॅल स्पर्लिक हे दोघं अधिकारी फोर्ड या अमेरिकन गाडी कंपनीत असताना अशा गाडीची कल्पना मांडत होते, तिथे ती चालली नाही, मग दोघं क्रायस्लर या दुसऱ्या कंपनीत गेले आणि 1983 च्या शेवटी तिच्या डॉज कॅरव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर या मिनीव्हॅन बाजारात आल्या. घराच्या साध्या गॅरेजमध्ये मावली पाहिजे, आत शिरायला सोपी पाहिजे आणि चालवायला कारसारखी पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. युरोपातली रेनो एस्पास ही मिनीव्हॅन 1984 ची. अमेरिकेत 2000 साली मिनीव्हॅनचा खप 13 लाखांच्या वर गेला होता, पुढे घसरत गेला आणि ती जागा एसयूव्हीने घेतली. गाडी काही वाईट झाली नव्हती, लोकांना ती आईवडिलांची गाडी वाटायला लागली आणि नकोशी झाली. मला हे वाचून वाईट वाटलं, कारण आम्हीपण नेमका तोच विचार करत होतो ना.

बरं, आता तिसऱ्या रोबद्दल, कारण सात सीटची गाडी बघणाऱ्या प्रत्येकाने इथे थांबून नीट बघायला हवं. कागदावर सात सीट दोन्हीकडे सारख्याच. पण एसयूव्हीमध्ये मागची फरशी उंच आणि छत तेवढंच, म्हणून तिसऱ्या रोची सीट खाली बसवतात, मग मोठ्या माणसाचे गुडघे छातीशी येतात. मी स्वतः जाऊन बसले, पंधरा मिनिटं बसले, मांड्यांना खालून टेकूच नव्हता. मिनीव्हॅनच्या तिसऱ्या रोमध्ये सासरे बसून आले आणि त्यांची उंची चांगली आहे.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथपर्यंत पोचायचं कसं. दुसऱ्या रोमध्ये मुलाची चाइल्ड सीट आयसोफिक्सला (चाइल्ड सीट अडकवायच्या गाडीतल्या पक्क्या हुकांना) बसवली की बऱ्याच गाड्यांमध्ये ती सीट पुढे पाडून मागे जाताच येत नाही, आणि रोज चाइल्ड सीट काढून परत लावणं कोण करणार? काही एसयूव्हींमध्ये चाइल्ड सीटसकट सीट पुढे सरकते, तसं असेल तर चांगलं, पण ते शोरूममधल्या माणसाच्या तोंडी बोलण्यावर न ठेवता आपली स्वतःची चाइल्ड सीट नेऊन तिथेच लावून बघा. आम्ही नेली होती. आम्ही घेतलेल्या गाडीत मधल्या रोला दोन वेगळ्या सीट आहेत आणि मध्ये चालायला वाट आहे, मुलगी त्या वाटेने मागे जाते, भावाच्या सीटला हात लावायची गरजच नाही.

सामानाचा हिशोब तर मला थक्क करून गेला. तिन्ही रो उभ्या असताना मागे किती जागा उरते ते बघा, कारण सीट पाडून मोजलेला मोठा आकडा आपल्या कामाचा नाही, सीटवर माणसं बसलेली असणार आहेत. टोयोटाच्याच दोन गाड्या घेतल्या, सिएना मिनीव्हॅन आणि हायलँडर एसयूव्ही, तर तिसऱ्या रोमागे सिएनात साधारण 950 लिटर जागा आणि हायलँडरमध्ये साधारण 450. निम्म्याहून कमी! कारण सोपं आहे, मिनीव्हॅनची तिसरी सीट घडी होऊन फरशीतल्या खड्ड्यात जाते आणि सीट उभी असली की तोच खोल खड्डा सामानाला मिळतो. आम्ही टेस्ट ड्राइव्हला बाबागाडी, दोन मोठ्या बॅगा आणि सासूबाईंचा वॉकर घेऊन गेलो होतो. एसयूव्हीत बाबागाडी आणि एक बॅग, बास, वॉकर मांडीवर. मिनीव्हॅनमध्ये सगळं गेलं आणि मागची काच रिकामी राहिली.

दारांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या जुन्या गाडीत मुलीने एकदा पार्किंगमध्ये दार उघडलं, वारा होता, तिच्या हातून निसटलं आणि शेजारच्या गाडीला पोचा आला. ती इतकी घाबरली की पुढे कित्येक दिवस मी उतरून येईपर्यंत दाराला हातच लावायची नाही. सरकत्या दारात हा विषयच संपतो. आणि झोपलेलं मूल बाहेर काढायचं असेल तर फरक अजून कळतो: जुन्या गाडीत शेजारी गाडी लागलेली असली की दार जेमतेम फूटभर उघडायचं, मी त्या फटीतून वाकून आत शिरायचे, एका हाताने बेल्ट सोडायचे, मुलाचं डोकं सांभाळत त्याला तिरकं करून बाहेर काढायचे आणि दहातल्या नऊ वेळा तो उठायचाच. आता दार पूर्ण मागे जातं, समोर सगळं मोकळं, मी सरळ उभी राहून त्याला उचलते, खांद्यावर घेते, आणि तो झोपलेलाच असतो. ज्यांच्याकडे लहान मूल आहे त्यांना मी काय म्हणतेय ते बरोबर समजेल.

पण मी एसयूव्हीला नावं ठेवायला हे लिहीत नाहीये. माझ्या भावाने नुकतीच एसयूव्ही घेतली आणि मीच त्याला सांगितलं की हीच घे. त्याच्या घरापर्यंतचा शेवटचा रस्ता कच्चा आहे, दगड आहेत, चिखल होतो. मिनीव्हॅनचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची उंची, साधारण 115 ते 175 मिमीच्या दरम्यान असतो, बऱ्याच एसयूव्हींचा 200 मिमीच्या आसपास किंवा वर, आणि मिनीव्हॅन लांब असते, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) मोठा, म्हणून उंचवट्यावर पोट घासतं. ट्रेलर ओढायचा असेल तरी तेच, मिनीव्हॅनची मर्यादा साधारण 1,600 किलोपर्यंत जाते, त्याच आकाराच्या अनेक एसयूव्ही 2,200 किलोच्या वर ओढतात. बर्फ आणि चिखलासाठी ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद, एसयूव्हीत सहज मिळतो, मिनीव्हॅनमध्ये मोजक्याच मॉडेलना. क्रायस्लरने तर 2005 ला मधली रो फरशीत घडी होणाऱ्या सीट आणल्या तेव्हा त्या खड्ड्यांना जागा लागली म्हणून ऑल व्हील ड्राइव्हच काढून टाकला होता, कितीतरी वर्षांनी परत आणला. जागा एकच असते, तिथे एकतर सीट जाणार नाहीतर दांडा. भावाकडे माणसं चार, म्हातारं कोणी नाही, तिसरी रो वर्षातून दोनदा उघडणार. त्याला मिनीव्हॅन घे म्हणणं चुकीचंच झालं असतं.

सुरक्षेबद्दल मात्र एक गैरसमज आमच्याही घरात होता, की उंच गाडी म्हणजे सुरक्षित गाडी. गुरुत्वमध्य वर गेला की गाडी उलटायची शक्यता वाढते, हे साधं भौतिकशास्त्र आहे. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी घसरायला लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा, आल्यापासून हा धोका खूप कमी झालाय, त्यामुळे जुनी गाडी घेत असाल तर ते आहे का हे पहिलं विचारा. पण मिनीव्हॅन आपोआप सुरक्षित असते असंही नाही, आणि हे मी मिनीव्हॅन घेऊन सांगतेय. अमेरिकेत आयआयएचएस म्हणून संस्था आहे, गाड्यांच्या टकरीच्या चाचण्या करते. 2023 मध्ये त्यांनी चार मिनीव्हॅन तपासल्या, क्रायस्लर पॅसिफिका, किया कार्निव्हल, होंडा ओडिसी आणि टोयोटा सिएना, आणि मागच्या सीटवरच्या माणसाच्या बचावात एकीलाही चांगला किंवा ठीक असा शेरा मिळाला नाही. मागे बसवलेला पुतळा होता बारा वर्षांच्या मुलाएवढा. मुलांसाठी म्हणून जी गाडी घेतात तिचीच मागची सीट कमी पडते, हे वाचून मी त्या रात्री बराच वेळ जागी होते. म्हणून सांगते, सुरक्षेचे नुसते स्टार बघू नका, मागच्या सीटची चाचणी वेगळी शोधून वाचा, तुम्ही घेताय त्याच वर्षाच्या मॉडेलची वाचा कारण कंपन्या सुधारणा करत असतात, आणि मागच्या बेल्टला आठवण करून देणारा अलार्म आहे का ते बघा. आम्ही एक मॉडेल फक्त यावरून सोडलं.

पेट्रोलचं थोडक्यात: मिनीव्हॅन जास्त पिते हे सरसकट खरं नाही. सिएना 2021 च्या मॉडेलपासून फक्त हायब्रिडच (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर) येते आणि अमेरिकन सरकारी चाचणीत लिटरला साधारण 15 किमी देते, एवढ्या मोठ्या गाडीला हे खूपच चांगलं आहे. पॅसिफिकाचं प्लग-इन हायब्रिड (बाहेरून चार्ज करायचं) मॉडेलही निघालं होतं, पण त्यात बॅटरी मधल्या रोच्या खड्ड्यात बसवलीये, म्हणजे मधल्या सीट फरशीत घडी होत नाहीत, हे आधी माहीत असलेलं बरं. चालवायला म्हणाल तर नवऱ्याला भीती होती की कंटाळवाणी असेल, आता तोच म्हणतो वळणावर एसयूव्हीपेक्षा कमी झुकते.

आणि नावावर जाऊ नका हो. कुठे एमपीव्ही (मल्टी पर्पज व्हेईकल) म्हणतात कुठे मिनीव्हॅन, काही एमपीव्हींना दारं साधीच असतात आणि फरशीही उंच. इनोव्हाचंच बघा, आधीची लॅडर फ्रेमवर (खाली शिडीसारखा वेगळा सांगाडा, त्यावर बॉडी), मागच्या चाकांनी चालणारी, आणि 2022 ला आलेली हायक्रॉस मोनोकॉक (बॉडी आणि सांगाडा एकच), फ्रंट व्हील ड्राइव्ह, नाव तेच, खाली सगळं वेगळं. त्यामुळे घरात ज्याला चढायला सगळ्यात जास्त त्रास होतो त्याला घेऊन जा, दार उघडा, आणि काही न बोलता नुसतं बघत राहा तो कसा बसतो ते.

आमच्या गाडीला आता आठ महिने झाले. सरकत्या दाराच्या रुळात कचरा जातो, एकदा खडूचा तुकडा अडकून दार अर्ध्यातच थांबलं होतं, तेव्हापासून दर रविवारी जुन्या टूथब्रशने रूळ साफ करणं हे मुलीचं काम आहे आणि ती ते फार मन लावून करते. दाराचं बटणही तीच दाबते. आधी आजीकडे बघते, विचारते, "आजी, पाय आत?" आई म्हणतात, "आले गं," आणि मग दार लागतं.