वाल्ह्याची पहाट

दिवे घाटात पायांना काही झालं नाही. फोड आला तो सासवड ते जेजुरीच्या बऱ्यापैकी सपाट रस्त्यावर, उजव्या टाचेला, चांगला रुपयाएवढा. रात्री राहुटीत परभणीकडच्या आक्कांनी माझा पाय सरळ मांडीवर घेतला. सुईत पांढरा दोरा ओवला, फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं काढला आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कात्रीनं उडवली. "दोऱ्यावाटं पाणी गळून जातंय. सकाळी पळायला लागतीस बघ." आईच्या वयाची बाई, म्हणून मी पाय ओढून घेत होते, तर म्हणाल्या, "गप. माउलीचा पाय हाय."

पायांबद्दलच सांगायचंय, म्हणून इथून सुरुवात केली.

वारीत कुणीही कुणाच्याही पाया पडतं. वय नाही, हुद्दा नाही. पहिल्या दिवशी लाजायला होतं, चौथ्या दिवशी सवय होते आणि पाचव्या दिवशी (हे कुणी कबूल करत नाही) थोडं आवडायला लागतं. मी बंदोबस्ताच्या हवालदाराच्या पाया पडले, केळी वाटणाऱ्या पोराच्या पडले. कुणी माझ्या पाया पडलं की लगेच वाकून त्याच्या पडले. वाल्ह्याच्या अलीकडे एक म्हातारी गोवऱ्या थापता थापता उठून रस्त्यावर आली, शेणाच्या हातांनीच माझे पाय शिवली. मी तिला उठवून कवटाळलं. खांद्यावर शेणाचा पंजा उमटला तो दिवसभर पुसला नाही. पुसला नाही म्हणजे मुद्दाम ठेवला. मैत्रिणीला फोटोही पाठवला.

वाल्ह्याच्या मुक्कामी पहाटे तीनला उठले. मोबाइल टॉयलेटच्या रांगा गावाबाहेर लावलेल्या असतात, तिकडे गेले. अंधार, चिखल, एका खांबावर दिवा. एक माणूस पाइपनं एकेक टॉयलेट धुवत पुढे सरकत होता. पन्नाशीचा असावा. पायात गमबूट, एका हातात रबरी मोजा, दुसरा हात उघडाच. मी बाहेर आले तेव्हा तो माझ्याच दाराशी येऊन थांबला होता. त्यानं माझ्या गळ्यातली तुळशीची माळ पाहिली, पाइप खाली ठेवला, उघडा हात पँटला दोन्ही बाजूंनी पुसला, "माउली" म्हणाला आणि वाकला.

मी मागे सरकले.

दोन पावलं. तोंडानं "राहू द्या, राहू द्या" चालूच होतं, हातही जोडलेले होते. पण पाय गेले ते गेलेच. तो अर्ध्यात वाकलेला तसाच थांबला. वर बघितलं नाही. मग मी आधी जिथं उभी होते तिथल्या ओल्या जमिनीला त्यानं हात लावला, तो कपाळाला नेला आणि पाइप उचलून पुढच्या दाराकडे गेला.

यात मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? त्याला नवल वाटलं नाही, ते.

नीरेपर्यंत मी स्वतःशी वकिली करत चालले. हात घाण होता. जंतू असतात. फोडाला संसर्ग झाला असता तर? सगळं पटण्यासारखं होतं, फक्त खांद्यावरचा शेणाचा डाग अजून गेला नव्हता. शेणाला मी कवटाळलं होतं. त्या माणसाचं आडनाव, गाव, जात, काही म्हणजे काही मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. पायांनी परस्पर ठरवून टाकलं.

आमच्या वाड्यात संडास साफ करायला येणाऱ्या बाईंसाठी कान तुटलेला एक कप होता. तो मोरीवरच्या कोनाड्यात असायचा. आजी चहा वरून ओतायची, हात दोन वीत लांब. हा किस्सा मी कॉलेजपासून सांगत आलेय, आजीची नक्कल करून, आणि लोक हसतात. त्या कपाला मी कधी हात लावला होता का, हे मात्र आठवेना.

नीरेच्या पुलावरून लोणंदला आलो. संध्याकाळी समाजआरती. ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते: पालखीतळावर सगळ्या दिंड्या गोल जमतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो आणि चोपदारांनी चोप उंचावला की हजारो माणसं एका क्षणात चिडीचूप. पण ज्या दिंडीची काही तक्रार असते ती टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. मग तिचं गाऱ्हाणं ऐकून घेतात. त्या दिवशीही कुठून तरी एका दिंडीचे टाळ वाजत राहिले. बहुतेक पाण्याच्या टँकरचं काही होतं. ऐकताना माझ्या मनात आलं, त्याच्या हातात टाळ नव्हते, पाइप होता.

रात्री आक्कांना सांगून टाकलं. त्या सांत्वन करतील असं वाटलं होतं, खरं तर त्यासाठीच सांगितलं. त्या पायावरून पाय काढत म्हणाल्या, "मग इथं रडत काय बसायलीस? त्याच्या पाया पडून ये की." मी म्हटलं, उद्या जाते. "आज तुझे पाय दुखायलेत व्हय?"

गेले. पंढरपूरला महाद्वारात नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, तिथं दर वेळी मी डोकं टेकते. 1947 साली त्याच मंदिराची दारं दलितांना उघडावीत म्हणून साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केलं, हेही मी लोकांना सांगत असते. लोणंदच्या त्या टॉयलेटच्या रांगेपाशी जाताना हे सगळं डोक्यात होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

तिथं वेगळाच, विशीतला पोरगा होता. मी विचारलं, सकाळी वाल्ह्याला होते ते काका कुठं आहेत?

"नाव काय त्यांचं?"

नाव कुठलं माहीत असायला. इतके दिवस सगळ्यांना माउली म्हणत होते, त्यामुळे कुणाचं नाव विचारायची वेळच आली नव्हती. म्हटलं, गमबूट होते पायात.

"ते सगळ्यांच्याच असत्यात." मग त्याचा चेहरा बदलला. पाइपचं पाणी बंद करून तो जरा सावरून उभा राहिला. "काय झालं मॅडम? तक्रार हाय का त्यांची?"

नाही, नाही, मी म्हटलं.

"नवीन असतील. सांगतो मी त्यांना," म्हणाला, आणि मी पुढं काही बोलायच्या आत माझ्या समोरचं, आधीच स्वच्छ असलेलं टॉयलेट परत धुवायला लागला.