घळीतला आवाज

डोंगरातल्या पोकळ जागांसाठी मराठीत शब्दांचा तोटा नाही. दोन डोंगरांमधून वाट काढून देते ती खिंड, कड्यावरून सरळ खाली घसरत जाते ती नाळ, खोल आणि ऐसपैस असते ती दरी. आणि पाण्याने डोंगराच्या अंगात कोरत नेलेली, अरुंद, सदा सावलीत असणारी, आत शिरल्यावर आकाशाची जेमतेम एक पट्टी दिसू देणारी जी जागा, ती घळ. हा शब्द नुसता उच्चारला तरी त्यात पाणी ऐकू येते. ‘घळघळ’शी त्याचे काही नाते आहे की नाही, हे व्युत्पत्ती जाणणाऱ्यांनी ठरवावे, माझा कान ते नाते केव्हाच जोडून मोकळा झाला आहे.

यंदा भाद्रपदात मामांना घेऊन शिवथरघळीला गेलो. मामांचे वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे अजून शाबूत आहेत, पण गेल्या सहा-सात वर्षांत कान मात्र पार गेले आहेत. भोरवरून निघून, नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने वरंध घाट गाठला. हा घाट दरडींच्या भीतीने पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवतात, त्यामुळे तो उघडा मिळणे हा नशिबाचा भाग असतो. वाघजाईपाशी भजी खाऊन आम्ही पलीकडे कोकणात उतरलो आणि बारसगावावरून आत वळलो. आडवार गाठला असल्यामुळे गर्दी नव्हती. सुटीच्या दिवशी इथे माणसांचाच आवाज पाण्याहून मोठा होतो, असे ऐकून होतो.

गाडीतून उतरल्यावर धबधबा दिसत नाही, आधी तो ऐकू येतो. तोही लगेच ओळखू येत नाही. झाडीतून वारा वाहत असावा किंवा लांब कुठेतरी एखादे जड वाहन चढण चढत असावे, तसा एकसुरी घोष येत राहतो. वाहन असते तर ते कधीतरी वळण घेऊन दूर गेले असते. हा आवाज जात नाही, येतही नाही, तो नुसता असतो. पायऱ्या सुरू झाल्या की त्याला पदर सुटू लागतात. वरचा फसफसणारा, मधला सपसप आपटणारा आणि तळाचा एक जाड, जवळजवळ अंगानेच जाणवणारा. शेवटच्या वळणाशी पोहोचेपर्यंत शेजारच्या माणसाशी बोलणे संपलेले असते आणि हातवारे सुरू झालेले असतात. या पाण्यावर समर्थांनी लिहिलेल्या ओळी शाळेत पाठ केल्या नाहीत असा मराठी माणूस विरळा, म्हणून त्या इथे पुन्हा लिहीत नाही. एवढेच सांगतो की तिथे उभे राहिल्यावर त्या आपोआप ओठांवर येतात आणि स्वतःच्याच कानांना ऐकू येत नाहीत.

मामांनी तिथे एक गोष्ट केली. दोन्ही कानांतली यंत्रे काढली, तुषार लागू नयेत म्हणून औषधांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवून दिली. मग कठड्याला दोन्ही हात टेकून ते बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत राहिले. मला वाईट वाटले. इतक्या लांब आणले ते ज्या आवाजासाठी, तोच यांनी बंद करून टाकला.

पाणी पडताना आवाज कशाने होतो, हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. पाणी दगडावर आपटते म्हणून, हे उत्तर अर्धेच खरे आहे. कोसळणारी धार आपल्याबरोबर हवा ओढून नेते, ती हवा डोहात बुडबुड्यांच्या रूपाने कोंडली जाते आणि प्रत्येक बुडबुडा जन्मताच आकसत-फुगत कंप पावतो. आपल्याला ऐकू येतो तो बराचसा या बुडबुड्यांचा गजर. मिनार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९३३ साली याचे गणित मांडले. त्याच्या सूत्राप्रमाणे एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,३०० कंपने करतो, तर एक सेंटिमीटर त्रिज्येचा सुमारे ३३०. म्हणजे लहान बुडबुडे तार सप्तकात गातात आणि थोरले खर्जात. असे असंख्य गवय्ये एकाच वेळी, आपापल्या पट्टीत, एकमेकांकडे बिलकूल लक्ष न देता गाऊ लागले की जे ऐकू येते, त्याला आपण घोष म्हणतो.

धबधब्याच्या बाजूने आत शिरले की खरी घळ लागते. सह्याद्रीचा हा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेल्या लाव्ह्याचा आहे आणि त्याचे सगळे थर सारखे टणक नाहीत. मऊ थर पाण्याने व ओलाव्याने झिजतो, वरचा टणक थर छपरासारखा पुढे राहतो, आणि सह्याद्रीत कड्यांच्या पोटात अशा कितीतरी कपारी तयार होतात. या कपारीत बसून समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. ते दोघे आज मूर्तिरूपाने तिथे बसलेले आहेत. मधल्या काळात ही जागा विस्मृतीत गेली होती. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ती शोधून काढली, त्यानंतर तिथे लोकांचे जाणे-येणे पुन्हा सुरू झाले.

बाहेर उभा असताना माझ्या मनात एक शंका डोकावली होती, आणि ती जरा पाखंडीच म्हटली पाहिजे. वीस दशके, दोनशे समास, ७,७५१ ओव्या. एवढे सगळे या गदारोळात एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने ऐकून लिहायचे, हे घडले कसे? शेजारी उभ्या असलेल्या मामांना ‘पाय जपून ठेवा’ एवढे तीन शब्द सांगणे मला जमले नव्हते. पण आत चार-सहा पावले टाकली आणि शंका विरघळली. आवाज गेला नव्हता, पण बदलला होता. वरचा फसफसाट बाहेरच राहिला होता, मधला चपकारा पुसट झाला होता आणि उरला होता तो फक्त तळाचा खर्ज, तंबोरा जुळवून कोणीतरी मागच्या खोलीत छेडत बसावे तसा. त्यालाही कारण आहे. खर्जातल्या लांब लहरी कोपऱ्याला वळसा घालून आत येतात, तारस्वरांच्या आखूड लहरी तेवढ्या सहज वळत नाहीत. बोलण्यातली व्यंजने, ‘स’, ‘त’, ‘फ’, ही नेमकी त्या वरच्या पट्टीत असतात; ती पट्टी रिकामी झाली की माणसाचे बोलणे पुन्हा स्पष्ट ऐकू येऊ लागते. ओवी सांगायला आणि ऐकायला एवढी शांतता पुरे असावी, किंबहुना मागे असा अखंड सूर असेल तर ती अधिकच चांगली सांगता येत असेल.

मामा भिंतीला पाठ टेकून बसले होते. यंत्रे अजून खिशातच होती. मी हाताने खूण करून ‘लावा’ म्हणून सुचवले, तर त्यांनी मान हलवली आणि न ऐकणाऱ्या माणसाच्या जरा चढ्या आवाजात म्हणाले, “अरे, हे मला ऐकू येतंय. यंत्राशिवाय. बाहेरही हेच येत होतं.”

मला समजायला थोडा वेळ लागला. वाढत्या वयात कानाची वरची पट्टी आधी जाते आणि खालची बहुतेक वेळा मागे राहते. दगडाच्या आडोशाने माझ्यासाठी जे काम आत आल्यावर केले, ते वयाने मामांसाठी आधीच करून ठेवले होते. पायऱ्यांवर मी गोंगाटात भिजत उभा असताना ते माझ्या शेजारीच घळीत बसलेले होते. यंत्र लावले की त्यांना फसफसाट ऐकू येई, काढले की तंबोरा. त्यांनी तंबोरा निवडला होता, आणि मी मात्र त्यांची कीव करत होतो.

मग आम्ही दोघे काही न बोलता अर्धा तास बसलो.

प्रसाद घेऊन आम्ही निघालो तेव्हा दुपार कलली होती. घाट चढताना पुन्हा वाघजाईला थांबलो. तिथल्या पत्र्यावर पावसाची मोठी सर आली, इतकी मोठी की भजीवाल्या मावशींना भाव दोनदा विचारावा लागला. मामांनी खिशातली पिशवी काढली, यंत्रे बाहेर घेतली, क्षणभर कानाशी नेली, आणि वर पत्र्याकडे पाहून पुन्हा पिशवीत ठेवली. मावशींनी त्यांना विचारले, “आजोबा, चहा बिनसाखरेचा का?” मामांनी हसून मान डोलावली. चहा बिनसाखरेचा आला. त्यांना साखरेचा लागतो.