चकाकणारं पोट

"डॉक्टर, हिला गजकर्ण झालंय का हो?" काकूंनी पिंजरा टेबलावर ठेवत विचारलं. मनी 13 वर्षांची. तीन आठवड्यांत पोटावरचे सगळे केस गेलेले. दुसऱ्या दवाखान्यात अ‍ॅलर्जीची दोन इंजेक्शनं झाली होती, फरक शून्य.

मांजराचे केस गेले की पिसवा, बुरशी, अ‍ॅलर्जी हेच आधी मनात येतं आणि बहुतेकदा तेच निघतं. मीही तिथूनच सुरुवात केली. पण तिला उताणं केलं आणि थबकले. लाली नाही, खपल्या नाहीत. कातडी तेल चोळल्यासारखी गुळगुळीत, दिव्याखाली चकाकत होती. मांड्यांच्या आतल्या बाजूंना दोन्हीकडे सारखंच टक्कल. कडेचे केस चिमटीत धरून हलकेच ओढले, तर अख्खा झुबका हातात आला. मनी हललीसुद्धा नाही.

सतत चाटून केस गेले असतील तर उरलेले मुळाशी घट्ट असतात, टोकं तुटलेली दिसतात. हे तसं नव्हतं. कुशिंगच्या आजारातही, म्हणजे शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त झालं की, मांजराची कातडी पातळ होते, पण ती जरा ताणली तरी फाटते. ही फाटत नव्हती.

मग पंजे उलटून पाहिले. गाद्या कोरड्या, भेगाळलेल्या, त्यांवर कांद्याच्या चकतीसारखी एकात एक वर्तुळं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहत होते.

"जेवते कशी?"

"वय झालं ना आता. निम्मं टाकते."

गेल्या वर्षी 4.2 किलो भरलेली मनी आज 3.1 होती.

सोनोग्राफीत स्वादुपिंडात गाठ दिसली, यकृतातही डाग. सुईने काढलेल्या पेशींच्या तपासणीत कर्करोगच निघाला. असे केस गळतात तेव्हा मूळ बहुधा स्वादुपिंडात किंवा पित्तनलिकांत असतं, आणि कातडी बोलू लागते तोवर आजार बरेचदा पसरलेला असतो. पसरण्याआधी गाठ काढता आली तर केस पुन्हा उगवल्याची नोंद आहे. मनीच्या बाबतीत ती वेळ गेली होती. ती तीन आठवड्यांपूर्वी आली असती तरी काही झालं असतं का, हे मला सांगता येत नाही. पण ती दोन इंजेक्शनं देण्याआधी कुणीतरी तिचे पंजे बघायला हवे होते, ही हळहळ आजही जात नाही.

काकूंना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ तिच्या कानामागे खाजवत राहिल्या. मग पर्समधून अर्धी संपलेली ट्यूब काढून म्हणाल्या, "मग हे मलम आता लावायला नको ना? तिला ते मुळीच आवडत नाही."

"नको," मी म्हटलं.