काश्मीर ग्रेट लेक्स: तयारी उताराची

काश्मीर ग्रेट लेक्सला जाऊन आले म्हटलं की मैत्रिणी आधी विचारतात, ‘एवढा चढ झेपला का गं तुला?’ चढ झेपतो. दम लागला की थांबायचं, दोन घोट पाणी प्यायचं, पुन्हा निघायचं. खरा कस लागतो तो उतारावर. सोनमर्गहून निघून नारानागला संपणारा हा साधारण ७० किलोमीटरचा ट्रेक. विशनसर, कृष्णसर, गडसर, सातसर आणि शेवटी नुंदकोल-गंगाबल अशी तळी लागतात, आणि मध्ये खिंडी. प्रत्येक खिंड चढायची म्हणजे उतरायचीही आलीच. शेवटच्या दिवशी तर गंगाबलच्या साडेतीन हजार मीटरवरून नारानागच्या एकवीसशेवर यायचं. आतकरवाडीतून आपण सिंहगड चढतो तो साधारण ६०० मीटर. म्हणजे सिंहगड दोनदा उतरूनही वर थोडं शिल्लक राहतं. पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांना याची सवय लावणं, हीच माझी निम्मी तयारी होती.

बेत भाचीचा. ‘मावशी, तू ये, मग आई मला सोडेल,’ असा तिचा रोखठोक हिशोब. ट्रेक जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच होतो. त्याआधी खिंडींत बर्फ असतो आणि नंतर पुन्हा थंडी सुरू होते. आम्ही ऑगस्टच्या शेवटी जायचं ठरवलं, म्हणजे सरावाला उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही मिळाले.

ट्रेक नेणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. जेवणात काय देता, हे मी कोणालाच विचारलं नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर सोबत असतो का, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर सकाळ-संध्याकाळ लावता का, आणि गडसरच्या पलीकडे कोणी आजारी पडलं तर त्याला खाली कसं आणता? तिसऱ्या प्रश्नाला एकाने ‘मॅडम, असं काही होत नाही’ म्हटलं, त्याला मी तिथेच रामराम केला. ज्याने ‘खेचरावरून, आणि त्यात दिवस जातो’ असं सरळ सांगितलं, त्याच्याकडे पैसे भरले. त्यांची अट होती: पाच किलोमीटर चाळीस मिनिटांच्या आत पळून मोबाईलवरच्या नोंदीचा फोटो पाठवायचा, आणि डॉक्टरांचा दाखला आणायचा.

दाखल्याला आमचे डॉक्टर सही ठोकून मोकळे होतील असं वाटलं होतं. त्यांनी रक्त तपासायला लावलं आणि हिमोग्लोबिन निघालं साडेदहा. ‘ताई, आपल्याकडे हे चालून जातं. चार हजार मीटरवर चालणार नाही,’ म्हणाले. गडसरची खिंड ४,२०० मीटरच्या आसपास आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांवर येतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी, आणि तो वाहून न्यायला रक्तात हिमोग्लोबिन हवं. मग लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, आणि मागे-पुढे तासभर चहा नाही. (सकाळचा चहा पुढे ढकलणं हे मला पळण्यापेक्षा जड गेलं.) उंचीच्या त्रासावर डायमॉक्स सगळेच घेतात, पण मला पूर्वी सल्फाच्या औषधाने अंगावर पुरळ उठलं होतं. डायमॉक्सही सल्फाच्याच नात्यातलं, म्हणून ते ऐकून डॉक्टरांनी तो विषयच संपवला. त्याऐवजी सोनमर्गला एक जादा मुक्काम करा म्हणाले. तो आम्ही केला.

आता उतार. रविवारी सकाळी सिंहगडावर अर्धं पुणं असतं. वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, आणि खाली यायला जीप. मी जीप बंद केली. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तो लांबत असतानाच सगळा भार धरतो, आणि दोन दिवसांनी जिना उतरताना जे ‘आई गं’ निघतं ते त्याचंच. सवय एकाच उपायाने होते: पुन्हा उतरणं. आठवडाभर सोसायटीचा जिना, पाठीवर सॅक आणि त्यात पाण्याच्या बाटल्या. वर लिफ्टने जायचं आणि खाली चालत यायचं. वॉचमन काका काळजीने विचारत, ‘लिफ्ट खाली येत नाही का?’ पावसाळ्यात सिंहगडची वाट शेवाळाने निसरडी होते. तिथे टाच रोवून गुडघा ताठ ठेवला की आपटलोच. गुडघा किंचित वाकवून, लहान पावलं टाकत, काठी आधी खाली टेकवून उतरायचं, हे मला त्या चिखलाने शिकवलं.

बूट एक नंबर मोठे घेतले, कारण उतरताना पाऊल पुढे सरकतं आणि अंगठ्याचं नख बुटावर आपटून काळं पडतं. जाण्याच्या दोन दिवस आधी नखं कापायची, आणि उतार लागला की घोट्याजवळची नाडी करकचून आवळायची. भाचीने माळ्यावरचे जुने बूट काढले. दिसायला नवेकोरे, पण पहिल्याच सरावाला तळवा भाकरीच्या कोरड्या पापुद्र्यासारखा सुटत गेला. तळव्यातला फोम नुसता ठेवून ठेवूनही दमट हवेत कुजतो. हे सिंहगडावर झालं म्हणून ठीक.

बाकी सामानाचं थोडक्यात. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि सोनमर्ग सोडल्यावर तेही बंद. पॉवरबँक विमानात हातातल्या बॅगेत, काठ्या सामानात. मूळ आधार कार्ड वरच्या कप्प्यात, कारण वाटेत लष्कराच्या चौक्यांवर ते दाखवावं लागतं. कपडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून मगच सॅकमध्ये.

सोनमर्गच्या तंबूत पहिल्या संध्याकाळी ऑक्सिमीटरवर माझे ९३ आले, भाचीचे ८९. ती पोरगी माझ्या निम्म्या वयाची आणि रोज जिमला जाणारी! गाईड हसून म्हणाला, ‘उमर से कुछ नहीं होता, दीदी. पानी पिओ, धीरे चलो.’

शेवटच्या दिवशी नारानागचा उतार खाली येईपर्यंत संपत नाही. आधी कुरण, मग पाइनचं जंगल, मग सुटे दगड. निम्मा ग्रुप बाजूने पाय टाकत, खेकड्याच्या चालीने येत होता. भाचीची नखं वाचली, माझे गुडघेही. खाली गाड्या उभ्या असतात आणि लोक थेट त्यांत बसतात. गाडीला अर्धा तास थांबायला सांगा. रस्त्यालगतच आठव्या शतकातल्या, ललितादित्याच्या काळातल्या शिवमंदिरांचे अवशेष आहेत, आणि शेजारी झऱ्याचं दगडी कुंड. आम्ही दोघी सगळं हिंडून पाहिलं, पायऱ्या चढून आणि उतरूनही.